घरातली गिन्नी: ओळखायची, तपासायची, जपायची आणि विकायची कशी

विदर्भातल्या जुन्या घरांत लोखंडी तिजोरीच्या आतल्या कप्प्यात एखाददुसरी गिन्नी निघतेच. एका बाजूला राजा किंवा राणीचं मुख, दुसऱ्या बाजूला घोड्यावरून ड्रॅगनवर तुटून पडलेला योद्धा. तो योद्धा म्हणजे सेंट जॉर्ज, इंग्लंडचा पालक संत, आणि ते नाणं म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन. बेनेदेत्तो पिस्त्रुची या इटालियन कारागिरानं १८१७ साली कोरलेला हा ठसा आजही नव्या सॉव्हरिनवर उमटतो.

लग्नाच्या खरेदीच्या गडबडीत ही गिन्नी मोडीत जाते. तुटकी बांगडी, जुने डूल आणि गिन्नी एकाच वाटीत पडतात आणि एकाच टंचाला (कसाला) वितळतात. हे होऊ देऊ नका. बांगडीचं सोनं किती कसाचं आहे ते वितळवल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही. गिन्नीचं सांगता येतं, कारण तिचं वजन, व्यास आणि त्यातलं सोनं टांकसाळीनं ठरवून दिलेलं असतं. म्हणून नागपुरात महालातून किंवा धरमपेठेतून इतवारीच्या सराफ्याकडे निघण्याआधी घरच्या टेबलावर अर्धा तास द्या. तेवढ्यात नाणं खरं की खोटं आणि त्याची सोन्याची किंमत किती, या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी कळतात.

मापं

पूर्ण गिन्नीचं वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलिमीटर आणि कडेपाशी जाडी १.५२ मिलिमीटर. सोनं २२ कॅरेट, म्हणजे हजारात ९१६.७ भाग, उरलेलं मुख्यतः तांबं. त्यामुळे एका गिन्नीत शुद्ध सोनं ७.३२२ ग्रॅम असतं. हा एकच आकडा लक्षात राहिला तरी पुढचा सगळा हिशेब जमतो. अर्धी गिन्नी ३.९९४ ग्रॅमची, व्यास १९.३० मिलिमीटर, शुद्ध सोनं ३.६६१ ग्रॅम. दुप्पट वजनाची (१५.९७६ ग्रॅम) आणि पाचपट वजनाची (३९.९४ ग्रॅम) नाणीही आहेत, पण घरात ती सहसा सापडत नाहीत. पाव गिन्नी २००९ साली आली.

हाताळून झिजलेल्या गिन्नीचं वजन थोडं कमी भरतं. ब्रिटनमध्ये ती चलनात होती तेव्हा ७.९३८ ग्रॅमच्या खाली गेलेलं नाणं चलनातून बाद होत असे. तुमच्या नाण्यालाही हीच खालची रेघ धरा. ७.९४ ते ७.९९ च्या मधलं वजन ठीक. त्याखाली गेलं तर नाणं फार झिजलंय, कुणी कानस मारलीय किंवा ते नकली आहे. ८.०० किंवा त्याच्या वर गेलं तर मळ, डाख (कडी जोडायला लावलेला धातूचा सांधा) किंवा दुसरंच नाणं.

हे दुसरं नाणं आपल्याकडे फार आढळतं. सराफ्यात आठ ग्रॅमच्या बावीस कॅरेट नाण्यालाही गिन्नीच म्हणतात. त्यावर लक्ष्मी असते, गणपती असतो, कधी जुन्या राजाचा मुखडाही असतो. ती सोन्याचीच असतात, फसवणूक त्यात नाही, पण ती सॉव्हरिन नव्हेत. त्यांचा कस ज्यानं पाडली त्याच्या पावतीवर आणि शिक्क्यावर अवलंबून राहतो. दोन दशांश दाखवणाऱ्या काट्यावर एक ७.९९ दाखवतं आणि दुसरं ८.००, तिथेच पहिला संशय घ्यायचा.

आणखी एक नाणं ओळखून ठेवा. १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत सोन्याची पंधरा रुपयांची मोहोर पाडली गेली. वजन आणि कस अगदी सॉव्हरिनइतकाच, कारण त्या काळी एका सॉव्हरिनचा सरकारी भाव पंधरा रुपयेच होता. तिच्यावर सेंट जॉर्ज नसतो, १५ रुपये असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. अशी मोहोर निघाली तर सोन्याच्या भावात देऊ नका. नाणेसंग्राहक तिच्यासाठी जास्त मोजतात. खऱ्या सॉव्हरिनवर मात्र किंमत कुठेही कोरलेली नसते.

वर्ष आणि टांकसाळीचं अक्षर

नकली गिन्नी पकडण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दहापट मोठं दाखवणारं भिंग. वर्ष सेंट जॉर्जच्या खालच्या पट्टीत असतं. त्या वर्षाच्या बरोब्बर वर, ज्या जमिनीवर ड्रॅगन पडलाय तिच्या मध्यावर, एखादं बारीक अक्षर आहे का ते पाहा. व्हिक्टोरिया राणीच्या तरुणपणीच्या मुखाच्या नाण्यांवर (१८७१ ते १८८७) हे अक्षर पुढच्या बाजूला, मानेखाली असतं.

अक्षर नसेल तर जुनं नाणं लंडनचं. एस म्हणजे सिडनी, शेवटचं वर्ष १९२६. एम म्हणजे मेलबर्न आणि पी म्हणजे पर्थ, दोन्ही १९३१ पर्यंत. सी म्हणजे कॅनडातलं ओटावा, १९०८ ते १९१९. एसए म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं प्रिटोरिया, १९२३ ते १९३२. आणि आय म्हणजे आपली मुंबई, जुन्या नाण्यांत फक्त १९१८. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी मुंबईत रॉयल मिंटची, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीची, शाखा थोडा काळ चालली आणि १९१९ मध्ये बंद झाली. तिथे सुमारे तेरा लाख सॉव्हरिन पडल्या.

आता यावरून नकली कशी पकडायची ते बघा. लंडननं १९१७ नंतर नेहमीची सॉव्हरिन पाडणं थांबवलं आणि पुढे १९२५ सालची काढली. म्हणजे १९१८ ते १९२४ मधलं वर्ष आहे आणि अक्षर नाही, तर नाणं खोटं. १९२१ सालची आय अक्षराची गिन्नी खोटी. १९२० सालची एसए खोटी. सहाव्या जॉर्जच्या मुखाची सॉव्हरिन १९३७ मध्ये मोजक्या संग्राहकांसाठीच निघाली, तेव्हा घरच्या डब्यात ती सापडली तर शंका घ्या. एलिझाबेथ राणीची व्यापारी सॉव्हरिन १९५७ मध्ये सुरू झाली. १९६० किंवा १९६१ सालची तिची सॉव्हरिन नाहीच. नकली पाडणारे बहुतेकदा मुखाचा साचा एका नाण्यावरून घेतात आणि मागच्या बाजूचा दुसऱ्यावरून, म्हणून राजा, वर्ष आणि अक्षर यांची अशक्य जोडी तयार होते.

एक सावधानता. सेंट जॉर्ज वेगळा दिसला म्हणून लगेच नाणं खोटं ठरवू नका. २००५ आणि २०१२ साली त्याचं चित्र मुद्दाम नव्यानं काढलं होतं. २००२ च्या गिन्नीवर ढाल आहे. १९ व्या शतकात तर कित्येक वर्षं ढालीचीच गिन्नी निघत असे. आणि १८१७ ते १८२० च्या पहिल्या नाण्यांवर सेंट जॉर्जच्या हातात मोडलेला भाला आहे. तलवार नंतर आली.

घरी करायच्या तपासण्या

साहित्य थोडं लागतं: ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, प्लॅस्टिकच्या जबड्याचा कॅलिपर, भिंग, काचेचा लहान पेला, शिवणाचा बारीक दोरा आणि मऊ सुती कापड. कापड टेबलावर अंथरा म्हणजे नाणं हातातून निसटलं तरी त्याला खोक पडत नाही. हात धुऊन पुसा, नाणं कडेनं धरा, बोटं मुखावर लावू नका.

पहिलं वजन. काटा सपाट जागी ठेवा आणि पंखा व कूलर दोन्ही बंद करा. उन्हाळ्यात नागपूरच्या घरात चालू असलेल्या कूलरच्या झोतानं शेवटचा अंक सतत नाचतो आणि माणूस उगाच नाण्यावर शंका घेतो. काट्यासोबत आलेलं प्रमाण वजन ठेवून काटा बरोबर दाखवतोय याची खात्री करा. नाणं तीनदा ठेवा, तीनदा उचला. तिन्ही वेळा सारखं वजन आलं तरच ते धरा.

दुसरं व्यास आणि जाडी. व्यास दोन-तीन दिशांनी मोजा. झिजलेल्या नाण्याचा व्यास २२.० च्या जवळपास येईल, पण २२.३ किंवा २१.६ कधीच नाही. इथे खरी युक्ती कळते: हलक्या कसाचं सोनं कमी घन असतं, त्यामुळे १८ कॅरेटमध्ये ७.९८ ग्रॅम वजन भरायचं तर नाणं जाड किंवा मोठं करावंच लागतं. नकलीवाला वजन जुळवतो किंवा माप जुळवतो. दोन्ही एकदम जुळवायला त्याला सहसा पूर्ण कसाचंच सोनं लागतं.

तिसरी पाण्याची तपासणी, आणि घरी करता येण्याजोगी हीच सगळ्यात भरवशाची. पेल्यात पाऊण भाग पाणी घेऊन तो काट्यावर ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. नाण्याला दोऱ्याचा फास घालून ते पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला आणि भिंतीला लागता कामा नये, दोरा हातात स्थिर धरलेला हवा. नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन काट्यावर दिसतं. खऱ्या गिन्नीला तो आकडा ०.४५ किंवा ०.४६ येतो. आता कोरडं वजन त्यानं भागा: ७.९९ भागिले ०.४५ म्हणजे सुमारे १७.७, आणि २२ कॅरेट सोन्याची घनता याच आसपास असते. १८ कॅरेटच्या नाण्याला ०.५१-०.५२ येईल, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीला ०.७६ च्या आसपास, पितळेला ०.९० च्या पुढे. आकडा ०.४८ च्या वर गेला की थांबा.

इथे चुकतं ते बहुतेक हवेच्या बुडबुड्यांमुळे. नाण्याच्या नक्षीत बारीक बुडबुडा अडकला तरी आकडा वाढतो आणि खरं नाणं हलकं ठरतं. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाणं बुडवून हलकेच झटका आणि पुन्हा मोजा. पाणी थंड की कोमट याची चिंता नको. एवढ्याशा वजनात तो फरक काट्यावर दिसतच नाही.

चौथी भिंगाखालची. नाणं ठशानं दाबून पाडलेलं असतं, त्यामुळे अक्षरांच्या कडा उभ्या आणि धारदार असतात, मधली जमीन सपाट असते. साच्यात ओतलेल्या नाण्यावर अक्षरं गोलसर, फुगीर दिसतात; जमिनीवर बारीक पुटकुळ्या आणि खड्डे दिसतात. कडेचे कंगोरे सरळ, एकसारखे हवेत. कडेभोवती मधोमध जोडाची रेघ दिसली तर दोन पत्रे चिकटवलेले आहेत. वर्षाच्या उजवीकडे पट्टीत बी. पी. ही पिस्त्रुचीची आद्याक्षरं शोधा. झिजलेल्या नाण्यावर ती पुसट असतील, पण नव्यासारखं लखलखणारं नाणं असून ही अक्षरं फासटलेली असतील तर नाणं बाजूला ठेवा. सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि एलिझाबेथ यांच्या नाण्यांवर मुख सरळ धरून नाणं डावीकडून उजवीकडे फिरवलं की सेंट जॉर्जही सरळच उभा दिसतो.

लोहचुंबक लावून पाहा, पण त्याला फार महत्त्व देऊ नका. त्यानं लोखंड पकडलं जातं. पितळ, तांबं, चांदी सगळी सुटतात.

सराफ्यात टंच काढताना

कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका, आम्ल लावू देऊ नका, कड कापू देऊ नका. आधी शब्दांत ठरवा: "भाऊ, घासायचं नाही, फक्त मशीनवर दाखवा." एक्स-रे मशीनवर नाण्याला काहीही इजा होत नाही. दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या जागी तीन-चार वाचनं घ्यायला सांगा. सोनं ९१.६ च्या आगेमागे आणि उरलेलं मुख्यतः तांबं आलं की ठीक. एखाद्याच जागी जस्त किंवा चांदी जास्त दिसली तर तिथे डाख आहे.

मशीनला वरचा अतिशय पातळ थरच दिसतो, पोटात काय आहे ते दिसत नाही. जाड मुलाम्याचं नाणं तिथे पास होऊ शकतं. पाण्याची तपासणी उलट पूर्ण नाण्याची घनता सांगते, पण वरचा कस सांगत नाही. दोन्ही केल्या की एकीची उणीव दुसरी बरीचशी भरून काढते. हॉलमार्क किंवा एचयूआयडी (हॉलमार्कसोबतचा ओळख क्रमांक) गिन्नीवर शोधू नका. तो भारतीय दागिन्यांचा नियम आहे, विलायती नाण्यावर तसा शिक्का नसतो.

सगळ्यात अवघड नकल म्हणजे पूर्ण कसाच्या सोन्यात पाडलेली. विसाव्या शतकात परदेशात अशा पुष्कळ पाडल्या गेल्या, कारण सॉव्हरिन सोन्याच्या किमतीपेक्षा महाग विकली जायची. ही नकल वजनात, पाण्यात, मशीनवर सगळीकडे खरी ठरते. तिला भिंगच पकडतं. सोन्याच्या भावात घेतली असेल तर नुकसान थोडं. पण १८१९, १८४१ किंवा लंडनची १९१७ अशा दुर्मीळ वर्षाची गिन्नी म्हणून जादा पैसे मोजत असाल तर जाणकार नाणेतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय व्यवहार करू नका. १९१७ च्या लंडन गिन्नीच्या नकला विशेष फिरतात.

भाव कसा काढायचा

त्या दिवशीचा शुद्ध सोन्याचा दहा ग्रॅमचा भाव घ्या आणि त्याला ०.७३२२ नं गुणा. समजा भाव ₹१,००,००० आहे, तर पूर्ण गिन्नीचं सोनं ₹७३,२२० चं. अर्धीसाठी ०.३६६१, म्हणजे ₹३६,६१०. भाव जीएसटी धरून सांगितलाय की वगळून, हे विचारा. पाटीवरचा भाव सहसा वगळून असतो. झिजलेल्या नाण्याला प्रत्यक्ष वजन गुणिले ०.९१६७ करून शुद्ध सोनं काढा.

घेताना दोन चुका होतात. मोठी चूक म्हणजे ७.९८८ ग्रॅमला चोवीस कॅरेटचा भाव लावणं. वरच्या उदाहरणात तसं केलं तर ₹७९,८८० होतात, साडेसहा हजारांवर जास्त. लहान चूक म्हणजे वजन "आठ ग्रॅम" धरणं. त्यात शंभर-एकशेदहा रुपये जातात, पण दहा गिन्न्यांत ते हजारावर जातात.

सोन्याच्या किमतीवर विकणारा काही प्रीमियम घेतो आणि एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी लागतो. हा प्रीमियम टक्क्यांत मागा म्हणजे दोन दुकानांची तुलना करता येते. मुंबईच्या आय अक्षराच्या गिन्नीला भरमसाट किंमत सांगणारे भेटतात. तेरा लाखांच्या आसपास पाडलेलं नाणं दुर्मीळ नव्हे. आपल्या मातीतलं म्हणून थोडे जास्त देणं समजू शकतं. दुप्पट देऊ नका.

नवी घ्यायची असेल तर

आधी कशासाठी घ्यायची ते ठरवा. फक्त सोनं साठवायचं असेल तर २०१५ साली सुरू झालेलं, एका बाजूला अशोकचक्र आणि दुसऱ्या बाजूला गांधीजी असलेलं इंडियन गोल्ड कॉइन जास्त सोयीचं: ९९९ कस आणि हॉलमार्क. बँकांतून मिळणारी सोन्याची नाणी बँक परत घेत नाही, हे आधी लक्षात घ्या. गिन्नी घ्यायची ती तिच्या इतिहासासाठी, आणि जगात जवळजवळ कुठल्याही सोन्याच्या बाजारात ती ओळखली जाते म्हणून. २०१३ पासून रॉयल मिंटच्या परवान्यानं एमएमटीसी-पॅम्प या कंपनीनं भारतातच सॉव्हरिन पाडल्या, त्यांवर पुन्हा आय हे अक्षर आलं. त्या मूळ बंद वेष्टनात मिळाल्या तर वेष्टन फोडू नका. विकताना त्याचा उपयोग होतो.

सेंट जॉर्ज दिसला की सॉव्हरिनच, असंही नाही. रशियाच्या मध्यवर्ती बँकेचं सोन्याचं पन्नास रूबलचं नाणंही सेंट जॉर्जचंच आहे, २००६ पासून निघतं. पण ते ९९९ कसाचं आणि त्यात शुद्ध सोनं ७.७८ ग्रॅम. त्याला गिन्नीचा हिशेब लावला तर विकणाऱ्याचं नुकसान होतं.

बिलावर सॉव्हरिन, वर्ष, नग, एका नगाचं वजन, कॅरेट, सोन्याचा भाव, प्रीमियम आणि जीएसटी वेगवेगळे लिहून घ्या. "सोन्याचं नाणं, १ नग" एवढंच लिहिलेलं बिल पुढे करासाठीही उपयोगी पडत नाही. एका व्यवहारात दोन लाखांच्या वर खरेदी गेली की पॅन द्यावा लागतो, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख दुकानदार घेऊ शकत नाही. दसरा, धनत्रयोदशी, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, गुरुपुष्य या दिवशी इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा भिंग लावून नाणं पाहणं शक्यच नाही. मुहूर्त साधायचा असेल तर आठ दिवस आधी नाणं पाहून, वर्ष आणि वजन लिहून घेऊन ठेवा, आणि ताबा त्या दिवशी घ्या.

कडी, डाख आणि माळ

गिन्नीला कडी डाखून गळ्यात घालायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. व्हेनिसच्या डुकाट या नाण्यावर त्या शहराचा पालक संत सेंट मार्क असे. त्याच साडेतीन ग्रॅमच्या नाण्यांवरून आपल्या पुतळ्यांची माळ घडली. गिन्नीही त्याच वाटेनं माळेत गेली.

पण डाख दिलेल्या गिन्नीची नाणं म्हणून किंमत संपते; ती फक्त सोन्याच्या भावात जाते. डाख स्वतः हलक्या कसाचा असतो, तो लवकर वितळावा म्हणून त्यात चांदी, जस्त मिसळलेलं असतं. म्हणून ७.९८८ च्या वर भरलेलं वजन सोनं म्हणून धरू नका. जुनी कडी घरी तापवून किंवा पकडीनं ओढून काढायचा प्रयत्न करू नका, कडेचे कंगोरे उपटून येतात. आता नव्यानं घालायचीच असेल तर सराफाला स्क्रूनं आवळणारा वेढा करायला सांगा. नाणं त्यात सैल हलता कामा नये, नाहीतर सतत घासून कड झिजते.

जपून ठेवणं

सोनं गंजत नाही, पण गिन्नीतलं आठ टक्के तांबं काळं-तांबूस पडतं. खरा शत्रू मऊ पीव्हीसीची पाकिटं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत पत्र्याच्या कपाटात ठेवलेल्या पीव्हीसीतून चिकट हिरवट थर सुटतो आणि नाण्याला धरतो. मायलर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं किंवा कडक कॅप्सूल वापरा. बुडाला सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्याच्या आधी ती बदला. रबरबँड, वर्तमानपत्र, लाल मखमल नको. हिरवा थर बसलाच असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब, पाच मिनिटं बुडवा, डिस्टिल्ड पाण्यानं धुवा, कापडावर ठेवून टिपा. घासू नका. रिठा, लिंबू, टूथपेस्ट, राख यांनी नाणं चमकतं आणि त्याची किंमत जाते. सराफाकडे उजळायलाही देऊ नका.

बँकेच्या लॉकरमध्ये ठेवत असाल तर नियम नीट वाचा. आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. पूर-भूकंपासारख्या नैसर्गिक आपत्तीत तीही नसते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते नागपूरकरांना सांगायला नको. तेव्हा तळघरातला किंवा तळमजल्यावरचा लॉकर घेताना विचार करा, नाणी हवाबंद डब्यात ठेवा आणि वेगळा विमा घ्या. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे, कडेचे आणि काट्यावरच्या वजनाचे फोटो काढून ते लॉकरबाहेर जपा.

विकताना

साधी, झिजलेली, कडी डाखलेली गिन्नी सराफाकडेच विका. चांगल्या अवस्थेतली किंवा दुर्मीळ वर्षाची असेल तर नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे किंवा परवानाधारक लिलावात. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, एकाच दिवशी, कारण सोन्याचा भाव रोज हलतो. "घट" म्हणून दोन-तीन टक्के कापायला कुणी लागलं तर विचारा की नाणं वितळवणार आहात का. कस आधीच ठरलेल्या नाण्यावर घट कापायला कारण नाही. वजन तुमच्यासमोर करायला लावा आणि घरी घेतलेल्या वजनाशी ताडा. दहा हजारांवरची रक्कम व्यापारी रोख देत नाहीत, बँकेतून देतात. ते तुमच्याही सोयीचं.

नफ्यावर कर आहे. २३ जुलै २०२४ पासून, २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेलं सोनं विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के, त्याहून कमी काळ असेल तर तुमच्या नेहमीच्या उत्पन्नाच्या दरानं. वारशानं आलेल्या गिन्नीला मूळ मालकाचा काळ धरतात, आणि ती १ एप्रिल २००१ च्या आधीची असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून घेता येतो. त्या दिवशीच्या सोन्याच्या भावाचा पुरावा सीएकडून काढून ठेवा. आयकर तपासणीत विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करत नाहीत, ही सूट दागिन्यांची आहे. सुट्या नाण्यांना ती लागू होते असं धरू नका.

शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. मुंबईची १९१८ ची गिन्नी त्यात येते. ती जवळ ठेवायला अडचण नाही, पण परदेशातल्या मुलाकडे पाठवता येत नाही किंवा सोबत नेता येत नाही. परदेशातून येताना गिन्नी आणली तर विमानतळावर जाहीर करा. दागिन्यांची सवलत नाण्यांना मिळत नाही.

आणि महालात किंवा इतवारीत जुना वाडा पाडताना भिंतीत, जोत्यात गाडग्यात नाणी निघाली तर ती वाटून घेऊ नका. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं असं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला. न कळवता दडवणाऱ्याचा त्यावरचा हक्क जातो आणि शिक्षाही होते. गाडगं जसं सापडलं तसंच ठेवा, फोटो काढा, दोन साक्षीदार ठेवा, आणि त्याच दिवशी सिव्हिल लाइन्सच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या.